जुन्या कॉम्प्युटरच्या एम्युलेटरसाठी कीबोर्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम्युलेटर म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो आणि कमोडोर ६४ या तीन जुन्या घरगुती कॉम्प्युटरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून उत्तरं मुख्यतः त्यांच्याभोवती आहेत. डॉसवाल्यांसाठी, म्हणजे विंडोजच्या आधीची पीसीची पद्धत वापरणाऱ्यांसाठी, एक-दोन प्रश्न शेवटाकडे आहेत. त्यांचं दुखणं तसं किरकोळ असतं.

एम्युलेटर उतरवला, चालूही झाला. कीबोर्डचा वेगळा विचार कशाला करायचा?

स्पेक्ट्रमचा एम्युलेटर उघडा आणि 'लोड' हा शब्द एल, ओ, ए, डी असा टाइप करून बघा. एल दाबताच पडद्यावर अख्खा 'लेट' हा शब्द येतो आणि त्याच्यापुढे ओ, ए, डी लटकतात. एम्युलेटर बिघडलेला नाही. १९८२ सालच्या या यंत्राला ४० रबरी बटणं होती आणि 'बेसिक' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले शब्द अक्षरं जुळवून लिहायचे नसायचे, एकेका बटणावर बसवलेले असायचे. 'लोड' जे वर, 'प्रिंट' पी वर, अवतरणचिन्ह सिम्बॉल शिफ्ट धरून पुन्हा पी वर. म्हणजे कॅसेटवरचा प्रोग्रॅम चढवायचा तर आधी जे, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी, मग एंटर. मूळ यंत्रावर हे सगळं छापलेलं होतं. तुमच्या कीबोर्डवर सिम्बॉल शिफ्ट नावाचं बटणच नाही.

आपल्याकडे ज्यांनी डेसिबेल्स कंपनीचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' वापरला, त्यांना रबरी नव्हे तर कडक प्लॅस्टिकची ५८ बटणं आठवत असतील. त्यात अवतरणचिन्हाला, स्वल्पविरामाला स्वतंत्र बटण होतं. आतलं यंत्र तेच, पण हाताची सवय निराळी. म्हणून कोणता कीबोर्ड हे विचारण्याआधी तुमचे हात कुठल्या यंत्रावर बसले होते ते आठवा.

सेटिंगमध्ये 'सिम्बॉलिक' आणि 'पोझिशनल' असे दोन पर्याय दिसतात. कोणता निवडू?

सगळ्या विषयाची गोम इथेच आहे. कीबोर्ड कितीही महाग घ्या, हा पर्याय चुकला तर पैसे वाया.

सिम्बॉलिक म्हणजे अक्षरानुसार. तुमच्या बटणावर जे चिन्ह छापलंय तेच जुन्या यंत्रात उमटावं, ही जबाबदारी एम्युलेटरची. पोझिशनल म्हणजे जागेनुसार. जुन्या कीबोर्डवर एखादं बटण जिथे होतं, तिथलं तुमचं बटण दाबायचं, त्यावर काय छापलंय याकडे बघायचंच नाही. कमोडोरसाठीच्या 'व्हाइस' या एम्युलेटरमध्ये हीच नावं आहेत. बीबीसीच्या 'बीबएम'मध्ये लॉजिकल आणि फिजिकल म्हणतात. मामला तोच.

प्रोग्रॅम टाइप करायचा असेल तर अक्षरानुसार, गेम खेळायचा असेल तर जागेनुसार, असं ढोबळपणे धरा. अक्षरानुसार पद्धतीत एम्युलेटरला आतून बरीच लबाडी करावी लागते. उदाहरणार्थ, बीबीसीवर अपूर्णविराम (:) शिफ्टशिवाय उमटतो, आपल्या कीबोर्डवर तो शिफ्ट धरून येतो. म्हणजे तुम्ही शिफ्ट दाबून ठेवलेली असताना एम्युलेटरने आतल्या यंत्राला 'शिफ्ट सोडली' असं खोटं सांगायचं. टाइप करताना हे खपून जातं. गेममध्ये शिफ्ट हे स्वतंत्र बटण म्हणून वाचलं जात असेल तर गडबड होते, मग लोक कीबोर्डला शिव्या घालतात.

शिफ्ट आणि २ दाबल्यावर @ येण्याऐवजी अवतरणचिन्ह का येतं?

कारण त्या काळच्या बऱ्याच यंत्रांनी टेलिटाइपची, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या टाइपरायटरसारख्या यंत्राची, रीत उचलली होती. आस्की कोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, १ चा क्रमांक ४९ आणि ! चा ३३. २ चा ५० आणि " चा ३४. ६ चा ५४ आणि & चा ३८. दरवेळी फरक १६ चा, म्हणजे नेमका एका बिटाचा. शिफ्ट दाबली की तो एक बिट उलटवायचा, काम झालं. सर्किट स्वस्तात बसायचं. म्हणूनच बीबीसीवर ; च्या डोक्यावर + आहे, : च्या डोक्यावर * आहे आणि शिफ्ट-शून्यावर काहीच नाही. आपल्या कीबोर्डवरची मांडणी मात्र इलेक्ट्रिक टाइपरायटरच्या वळणाने आली. तिला बिटांशी देणंघेणं नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बीबीसीची अर्धी चिन्हं पाठ करावी लागत नाहीत, १६ वजा करून सापडतात.

अमेरिकी मांडणीचा कीबोर्ड घेऊ की ब्रिटिश?

मोजून बघू. अक्षरं, आकडे आणि , . / ही तीन सोडली तर बीबीसीवर चिन्हांची आणखी नऊ बटणं उरतात : - ^ \ @ [ _ ; : ] ही ती नऊ. भारतात दुकानात सर्रास मिळणाऱ्या अमेरिकी मांडणीत अशी बटणं आठ असतात. ब्रिटिश मांडणीत, म्हणजे जिचं एंटर उलट्या एल सारखं उंच असतं आणि डावी शिफ्ट आखूड करून तिच्या नि झेडच्या मध्ये एक जास्तीचं बटण घातलेलं असतं तिच्यात, बरोबर नऊ असतात. जागा तंतोतंत जुळत नाहीत, पण एकही चिन्ह बेघर राहत नाही. शिवाय शिफ्ट-२ वर अवतरणचिन्ह तिथेही आहे. बीबीसीवर बराच वेळ घालवणार असाल तर माझं मत सरळ ब्रिटिश मांडणीला.

कमोडोर ६४ ला अशी दहा बटणं लागतात (+ - £ @ * : ; = आणि दोन बाण), त्यामुळे तिथे ब्रिटिश मांडणीतही एक बटण कमी पडतंच. स्पेक्ट्रमला मुळात ४० च बटणं, त्याला काहीही चालतं.

आता गंमत. बीबीसीशी सगळ्यात जास्त जुळणारा आजचा कीबोर्ड जपानी आहे. जपानी मांडणीत शून्याच्या उजवीकडे - आणि ^, पीच्या उजवीकडे @ आणि [, एलच्या उजवीकडे ; : ] अशी रांग लागते, शिफ्ट-२ वर अवतरणचिन्ह, शिफ्ट-६ वर &, शिफ्ट-८ वर कंस. तीच टेलिटाइपची रीत, जपानने टिकवून ठेवली. तुमचं कुणी टोकियोला नोकरीला असेल तर सुट्टीला येताना बॅगेत एक घालून आणायला सांगा. स्पेसबार आखूड असतो आणि बटणांवर काना लिपी असते, एवढीच तक्रार.

कीबोर्ड बदलला, तरी @ भलतीकडेच उमटतो. का?

कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. 'या जागेवरचं बटण दाबलं' एवढाच निरोप तो देतो, त्याचं अक्षर ऑपरेटिंग सिस्टिम करते. ब्रिटिश कीबोर्ड लावला पण विंडोजमध्ये मांडणी 'यूएस' किंवा 'इंग्लिश इंडिया' ठेवली, तर छापलेलं एक आणि उमटणारं दुसरं होणारच. सेटिंग बदला. व्हीआयए किंवा क्यूएमके वापरून प्रोग्रॅम करता येणाऱ्या कीबोर्डलाही हाच नियम लागू. तिथेही तुम्ही बटणांच्या जागाच बदलत असता.

गेममध्ये दोन बटणं धरून तिसरं दाबलं की काहीच होत नाही. एम्युलेटरचा दोष?

बहुधा नाही. स्वस्त कीबोर्डात प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की चौथंही दाबल्याचा भास होतो. भास टाळायला कीबोर्ड तिसरं बटण सरळ गिळून टाकतो. महागाच्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला डायोड असतो, त्यात हा प्रश्न येत नाही.

स्पेक्ट्रमच्या गेममध्ये वर-खालीसाठी क्यू आणि ए, डाव्या-उजवीकडे ओ आणि पी, गोळीसाठी स्पेस किंवा एम ही जोडणी ठरलेली. उजवीकडे उडी मारता मारता गोळी झाडायची तर क्यू, पी, स्पेस एकदम. तुमचा कीबोर्ड नेमका याच तिघांवर अडला तर गेम संपला. बीबीसीवर झेड, एक्स, : आणि / असतात. तिथे : म्हणजे आपल्या कीबोर्डवर एलनंतरचं दुसरं बटण.

जाहिरातीतल्या 'एन-की रोलओव्हर'मागे, म्हणजे कितीही बटणं एकदम दाबली तरी सगळी पोचतात या दाव्यामागे, फार धावू नका. यूएसबीच्या साध्या पद्धतीतही शिफ्ट-कंट्रोलसारखी आठ बटणं वेगळी आणि बाकीची सहा एकदम जातात. दोन हातांच्या गेमला सहा पुरून उरतात. आतली जाळी नीट असली म्हणजे झालं.

दुकानात उभ्या उभ्या हे तपासायचं कसं?

नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट एकदम दाबून धरा आणि ए ते झेड टाइप करा. दोन्ही अंगठे शिफ्टवर ठेवून हे जमत नाही, सोबत कुणाला तरी न्या. खराब कीबोर्डात मधली काही अक्षरं गायबच होतात. त्यानंतर तुमच्या गेमची तीन बटणं एकत्र दाबून बघा. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत गर्दीच्या वेळी गेलात तर दुकानदार वैतागेल, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. मी एकदा 'गेमिंग' अशी पाटी असलेला, सात रंगांत चमकणारा कीबोर्ड न तपासता आणला होता. क्यू-पी-स्पेस त्याला झेपलं नाही. दिवे मात्र उत्तम लागायचे.

टीव्हीएस गोल्ड पडून आहे. चालेल?

बँकेच्या आणि मेडिकलच्या काउंटरवर खडखडणारा तोच ना? टाइप करायला चांगला आहे. चेरीचे निळे स्विच, जड अंग, वर्षानुवर्षं मरत नाही. बेसिकचे प्रोग्रॅम उतरवून काढायचे असतील तर बिनधास्त वापरा. गेमसाठी आधी वरची परीक्षा घ्या. निळ्या स्विचची आणखी एक अडचण म्हणजे 'टिक' वाजण्याची जागा आणि बटण सुटण्याची जागा वेगळी असते, त्यामुळे भराभर गोळ्या झाडताना बोट अडखळतं. त्यासाठी लाल स्विच बरे. आणि रात्री घरातले झोपल्यावर खेळणार असाल तर निळ्यांचा विचार सोडाच.

खेळता खेळता सगळी अक्षरबटणं मधूनच मरतात. एम्युलेटर बंद करून पुन्हा चालू केला तरी तेच.

हा प्रश्न मराठी माणसालाच पडतो आणि इंग्रजी मदतपानांवर त्याचं उत्तर सापडत नाही.

स्पेक्ट्रमच्या 'एक्स्टेंडेड मोड'मध्ये, म्हणजे बटणाच्या वर-खाली छापलेले शब्द उमटवण्याच्या अवस्थेत, जायला कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकदम दाबतात. 'फ्यूज' या एम्युलेटरमध्ये कॅप्स शिफ्ट म्हणजे शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट म्हणजे कंट्रोल किंवा ऑल्ट. आता विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबणं म्हणजे इनपुटची भाषा बदलणं. मराठीची इन्स्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणी बसवलेली असेल तर तुम्ही नकळत मराठीत गेलात. जे दाबलं की विंडोज एम्युलेटरला 'र' देतं, पी दाबलं की 'ज'. 'र' हे स्पेक्ट्रमवर कुठलं बटण, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही, तो गप्प बसतो. बाण आणि एंटर चालू राहतात, म्हणून संशय एम्युलेटरवर जातो. मी यापायी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली, फ्यूज दोनदा काढून पुन्हा बसवला. पडद्याच्या कोपऱ्यात मराठीची खूण आलेली होती, पण पूर्ण पडदाभर गेम असल्यामुळे ती झाकलेली.

उपाय सोपे आहेत. एक्स्टेंडेड मोडसाठी फ्यूजमध्ये टॅब दाबा, दोन शिफ्टच्या भानगडीत पडू नका. भाषा बदलण्याचा ऑल्ट-शिफ्टचा शॉर्टकट विंडोजच्या सेटिंगमधून काढून टाका, विंडोज बटण आणि स्पेस हा दुसरा रस्ता आहेच. जागेनुसार चालणाऱ्या एम्युलेटरमध्ये शक्यतो हा त्रास होत नाही, कारण तो बटणाची जागा वाचतो, अक्षर नाही.

गेम चालू असताना 'स्टिकी कीज'ची खिडकी सारखी का उघडते?

शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबल्यावर ती उघडते. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली तर 'फिल्टर कीज' सुरू होतात. दिव्यांगांसाठीची सोय आहे, चांगली आहे, पण शिफ्टवर गोळी असलेल्या गेममध्ये घात करते. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्यांचे शॉर्टकट बंद करा.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एम्युलेटरचा असाच एक धोका आहे. कंट्रोलला सिम्बॉल शिफ्टचं काम दिलेलं असतं आणि तुम्ही त्यासोबत डब्ल्यू दाबता. टॅब बंद. आत टाइप केलेलं सगळं गेलं. लांबलचक काही लिहायचं असेल तर ब्राउझर नको.

रन/स्टॉप, रिस्टोअर, ब्रेक, कॉपी ही बटणं कुठे गेली?

व्हाइसमध्ये रन/स्टॉप म्हणजे एस्केप, रिस्टोअर म्हणजे पेज अप, कमोडोरच्या चिन्हाचं बटण म्हणजे डावं कंट्रोल आणि खुद्द कंट्रोल म्हणजे टॅब. शेवटचं विचित्र वाटतं, पण कमोडोर ६४ वर कंट्रोल खरंच टॅबच्या जवळपास, क्यूच्या डावीकडे होतं. बीबएममध्ये ब्रेक एफ-१२ वर आणि कॉपी एंड वर. शिफ्ट-ब्रेक करून डिस्क सुरू करायची ती शिफ्ट-एफ-१२ ने. १९८४ नंतर सरकारच्या 'क्लास' योजनेत ज्यांच्या शाळेत बीबीसी मायक्रो आले, त्यांच्या बोटांना शिफ्ट-ब्रेक अजून आठवत असतं, फक्त एफ-१२ तिथे आहे हे सांगावं लागतं.

लॅपटॉपवर एफ-१२ दाबलं की आवाज वाढतो किंवा विमानाचं चिन्ह येतं. एफएन-लॉक चालू करा. पेज अप, एंड ही बटणंही बऱ्याच लॅपटॉपवर एफएन धरून बाणांवर असतात, त्यामुळे कमोडोर आणि बीबीसीसाठी बाहेरचा कीबोर्ड घेतलेला बरा. नमपॅड नसलेला ८७ बटणांचा प्रकार पुरतो. साठ टक्केवाला छोटा, गोंडस कीबोर्ड मात्र नको, त्यात नेमकी हीच बटणं कापलेली असतात.

मूळ यंत्र बंद पडलंय. त्याचाच कीबोर्ड यूएसबीला जोडता येईल?

येईल, आणि तो सगळ्यात समाधानाचा मार्ग आहे. स्पेक्ट्रमच्या बटणांखालच्या पडद्यातून दोन चपट्या पट्ट्या निघतात, एक ५ तारांची, एक ८ तारांची. एकूण १३. प्रो मायक्रो नावाच्या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या आर्डुइनो बोर्डाला वापरता येण्याजोग्या १८ पिना असतात आणि तो स्वतःला यूएसबी कीबोर्ड म्हणून सादर करू शकतो. कमोडोर ६४ ला ८ आणि ८ अशी जाळी, शिवाय रिस्टोअरची वेगळी तार. ते बटण जाळीत नसतं, थेट प्रोसेसरला अडवणारं असतं. म्हणजे १७, तेही बसतं. सोल्डरिंग नको असेल तर कमोडोर आणि अमिगाच्या कीबोर्डसाठी 'कीराह' नावाचा तयार बोर्ड आहे.

स्पेक्ट्रमच्या त्या पट्ट्यांना हात लावताना सावकाश. चाळीस वर्षांत प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं, ओढून काढायला गेलात की टोकाशी तडकतं. नवा पडदा विकत मिळतो, म्हणून जीव टाकू नका. पण चालू स्थितीतल्या यंत्राचा कीबोर्ड एम्युलेटरसाठी उपटू नका. ते यंत्रच लावा की टीव्हीला.

आयबीएमचा जुना, गोल पिनेचा कीबोर्ड आहे. साध्या अडॅप्टरने चालेल?

गोल पाच पिनेचे कीबोर्ड दोन जातीचे. पीसी-एक्सटीचा ८३ बटणांचा आणि नंतरचा एटीचा. प्लग एकच, बोली वेगळी. एक्सटीवाला साध्या अडॅप्टरने कधीच चालणार नाही, भाषांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. १९८५ पासूनचा मॉडेल एम चालतो, मात्र त्यालाही आत चिप असलेला अडॅप्टर हवा. हिरवा-जांभळा गोल तुकडा मिळतो तो नुसता तारा जोडतो, त्याने काम होत नाही. मॉडेल एमला वीजही जास्त लागते, काही स्वस्त अडॅप्टर तिथे दम तोडतात.

डॉस आणि वर्डस्टारसाठी काही वेगळं?

डॉसला आजचा कुठलाही कीबोर्ड चालतो. वर्डस्टार या मजकूर लिहिण्याच्या जुन्या प्रोग्रॅमवाल्यांनी एवढंच करावं : कॅप्स लॉकला कंट्रोल बनवा. ई, एस, डी, एक्स हा कर्सर हलवण्याचा चौकोन ज्या काळात ठरला तेव्हा कंट्रोल एच्या शेजारी असायचं. आज ते खाली कोपऱ्यात गेलंय आणि करंगळी दुखते.

कीबोर्डसकट तयार यंत्र घेतलं तर?

पैसे असतील तर जरूर. २०१९ चा पूर्ण आकाराचा 'द सी ६४' आणि २०२४ चा 'द स्पेक्ट्रम', दोन्हींची बटणं खरी आहेत. फसू नका ते 'मिनी'ला : २०१८ च्या छोट्या सी ६४ मिनीची बटणं नुसती शोभेची आहेत. टाइप करायला पुन्हा बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावावाच लागतो.

बटणांवर जुन्या चिन्हांचे स्टिकर लावू का?

कमोडोरसाठी ठीक, तिथे बटणाच्या पुढच्या बाजूला दोन चित्रचिन्हं असतात, तेवढी मावतात. स्पेक्ट्रमसाठी नको. एकट्या जे वर अक्षर, 'लोड', वजाचं चिन्ह, वर 'व्हॅल' आणि खाली डॉलर लावलेला 'व्हॅल' एवढा संसार आहे. तो पेन्सिलीच्या टोकाएवढ्या स्टिकरवर वाचताच येत नाही आणि आठवड्याभरात कडा सुटून बोटाला चिकटतो. फ्यूजमध्ये एफ-१ दाबून मदतीत गेलं की कीबोर्डचं चित्र असतं. ते आडव्या कागदावर रंगीत छापून लॅमिनेट करा आणि कीबोर्डच्या वरच्या कडेला उभं करा. माझ्याकडचं कोपऱ्यावर दुमडलंय, चहाचे डाग पडलेत, आणि जे, पी कुठे आहेत ते बघायला आता मान वर करावी लागत नाही. एक्स्टेंडेड मोडसाठी अजून करावी लागते.